सही करू न शकणाऱ्याची संमती

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याने निघाले की सिमरोल लागते. २००९ साली सुरू झालेल्या आयआयटी इंदूरचा परिसर इथेच आहे. जैववैद्यकीय अभियांत्रिकी शिकणाऱ्या तरुण संशोधकांना अशा ठिकाणी एक विषय हमखास खुणावतो. बोलू न शकणाऱ्या माणसाची वेदना, भूक, भीती ओळखणारे एखादे उपकरण तयार करायचे. मनगटावर पट्टा बांधायचा, नाडी आणि त्वचेचा ओलावा मोजायचा आणि या मुलाला आत्ता दुखते आहे हे संगणकाने सांगायचे. कल्पना चांगली आहे, गरजही खरी आहे. अडचण येते ती पहिल्याच कागदावर. संमतिपत्रावर सही कोणाची?

अतितीव्र बौद्धिक दिव्यांगत्वाची जुनी व्याख्या बुद्ध्यंकावर उभी आहे: २० पेक्षा कमी. त्या आकड्यातून माणूस दिसत नाही. प्रत्यक्षात ही अशी माणसे आहेत की ज्यांना शब्द नाहीत किंवा दोन-चारच आहेत आणि ज्यांना जेवण, आंघोळ, कपडे, कूस बदलणे या सगळ्यासाठी दुसऱ्याचे हात लागतात. अनेकांना जोडीला फिट येतात, कमी दिसते, गिळताना ठसका लागतो, सेरेब्रल पाल्सीमुळे हातपाय ताठरतात. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक दिव्यांग म्हणून १५ लाखांहून अधिक लोकांची नोंद झाली. त्यांतला हा गट लहान आहे आणि अभ्यासांत तो सर्वांत कमी दिसतो.

त्याचे कारण साधे आहे. संशोधनाची बहुतेक साधने प्रश्न आणि उत्तर यांवर चालतात. ज्याला प्रश्न कळत नाही त्याला अभ्यासातून वगळले जाते, आणि अहवालाच्या शीर्षकात मात्र ‘बौद्धिक दिव्यांग व्यक्ती’ असे सरसकट लिहिले जाते. पुढे त्याच अहवालावरून औषधाची मात्रा, शाळेचा अभ्यासक्रम, सरकारी योजना ठरतात. वगळलेल्यांच्या वाट्याला इतरांसाठी ठरलेले उपाय येतात. दुसरीकडे, त्यांना अभ्यासात घेताना केवळ पालकाची किंवा संस्थाचालकाची सही पुरेशी मानली, तर काय होते याचीही उदाहरणे कमी नाहीत. या दोन्ही वाटा टाळून काम करता येते. मात्र त्यासाठी सहीच्या पलीकडे जाऊन बरीच मेहनत घ्यावी लागते.

इंदूरने आणि जगाने पाहिलेले

इंदूरला हा प्रश्न नवा नाही. २०१०-११ च्या सुमारास शहरातल्या डॉक्टरांनी केलेल्या औषधचाचण्यांची चौकशी सुरू झाली. लहान मुलांवर आणि मानसिक व बौद्धिक अडचणी असलेल्या रुग्णांवर चाचण्या झाल्या, आणि घरच्यांना नीट काही सांगितले गेले नाही, असे आरोप होते. जानेवारी २०१२ मध्ये बारा डॉक्टरांना दंड झाल्याची बातमी आली. दंडाची रक्कम होती प्रत्येकी ५,००० रुपये. त्याच वर्षी इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्या खटल्यात ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायालयाने औषधचाचणीतील संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करायला सांगितले. आज देशभरात नव्या औषधांच्या चाचण्यांत असुरक्षित गटांतील सहभागींची संमती घेताना जो कॅमेरा लावला जातो, त्याचा एक धागा असा इंदूरपर्यंत पोहोचतो.

महाराष्ट्रातले फेब्रुवारी १९९४ चे प्रकरण संशोधनाचे नव्हते, पण मुळातला प्रश्न तोच होता. शिरूरच्या शासकीय संस्थेतील बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या दिवसांतील स्वच्छता हे कारण दिले गेले. स्त्री-संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. ज्यांच्या शरीराबद्दल निर्णय झाला, त्यांना काय वाटते हे जाणून घ्यायची कोणतीही रीत त्या व्यवस्थेत नव्हती.

परदेशांतला इतिहास तर याहून कडू आहे. स्वीडनमधील लुंडच्या विपेहोल्म संस्थेत १९४० च्या दशकात बौद्धिक दिव्यांग रहिवाशांना मुद्दाम चिकट टॉफी खाऊ घालून त्यांचे दात किडू दिले गेले. दोन जेवणांच्या मधे गोड खाल्ल्याने दात किडतात हे ज्ञान जगाला त्यातून मिळाले. किंमत मोजली ज्यांनी, त्यांना कोणी विचारले नव्हते. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रूक संस्थेत १९५६ पासून पुढची काही वर्षे मुलांना हेतुपुरस्सर काविळीची लागण केली गेली. तिथे पालकांच्या सह्या होत्या. पण एका टप्प्यावर संस्थेत नव्या मुलांसाठी जागा नव्हती आणि संशोधनाच्या वॉर्डात मात्र प्रवेश मिळत होता. अशा अडलेल्या आई-बापांच्या सहीला मोकळी संमती म्हणता येत नाही.

कायदा काय मागतो

भारतात आता नियम स्पष्ट आहेत, फक्त ते फार कमी संशोधकांनी वाचलेले असतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ६ मध्ये दोन अटी घातल्या आहेत. पहिली, दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचे तर तिची स्वतःची, मोकळी आणि माहितीपूर्ण संमती तिला कळेल अशा माध्यमातून घ्यावी लागते. दुसरी, शासनाने नेमलेल्या दिव्यांगत्व संशोधन समितीची पूर्वपरवानगी लागते. या समितीतले निम्मे तरी सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संस्थांचे सदस्य असावे लागतात. संस्थेच्या एथिक्स कमिटीचा होकार या परवानगीची जागा घेऊ शकत नाही. म्हणून प्रस्ताव लिहितानाच राज्याच्या दिव्यांग सशक्तीकरण किंवा दिव्यांग कल्याण खात्याला, या समितीकडे अर्ज कसा करायचा, हे लेखी विचारावे आणि त्यांचे उत्तर फाइलला जोडावे.

व्यक्ती अठरा वर्षांची झाली की आई-वडील आपोआप तिचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बहुतेक घरांत हे ठाऊक नसते. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ नुसार ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरची स्थानिक समिती पालक नेमते. पंचवीस वर्षांच्या सहभागीच्या आईकडे हा आदेश आहे का, हे संशोधकाने सुरुवातीलाच पाहावे. नसेल तर अर्ज करायला मदत करावी आणि तेवढा वेळ वेळापत्रकात धरावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ वर भिस्त ठेवून अनेक जण चुकतात. त्या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळलेले आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आणखी एक गोष्ट सांगतात. कायदेशीर प्रतिनिधीची संमती असली तरी सहभागीचा स्वतःचा कल जमेल तितका जाणून घ्यायचा असतो, आणि त्याचा नकार मानायचा असतो. खरे अवघड काम इथून सुरू होते.

नकार ओळखायला शिकणे

समजा, सिमरोलच्या एका संशोधकाला चोरलजवळच्या गावातील एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मनगटाला सेन्सरचा पट्टा बांधायचा आहे. तरुण बोलत नाही. पट्टा बांधला आणि तो गप्प पडून राहिला. हा होकार आहे का?

गप्प राहण्याची कारणे अनेक असतात. फिटच्या औषधाने गुंगी आली असेल. अनोळखी माणसाला पाहून अंग आखडले असेल. हात ओढून घ्यायची ताकदच नसेल. वर्षानुवर्षे कोणीही येऊन अंगाला हात लावतो, विरोध केला तरी उपयोग होत नाही, हे तो शिकला असेल. बोलू शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तींबाबत अमेरिकेत १९८० च्या सुमारास झालेल्या अभ्यासांत दिसले होते की त्यांतले अनेक जण परस्परविरोधी प्रश्नांनाही ‘हो’ म्हणतात. अतितीव्र दिव्यांगत्वात शब्दच नसल्याने शांतपणालाच ‘हो’ समजले जाण्याचा धोका असतो.

म्हणून पहिल्या काही भेटींत उपकरण सोबत नेऊ नये. नुसते बसावे, आई भरवते ते पाहावे, घरचे लोक कशावरून काय ओळखतात ते विचारावे. घरात मालवी बोलतात की निमाडी, भिली की मराठी, हेही लक्षात घ्यावे. शब्दांचा अर्थ कळत नसला तरी त्या मुलाला हाकेचा सूर आणि ओळखीचे बोल कळतात, आणि संशोधकाने तेच बोल वापरले तर भेट सोपी होते.

या भेटींतून प्रत्येक सहभागीसाठी एक पानी नोंद तयार करावी. ब्रिटनमधील नॉर्थम्बरलँडमध्ये विकसित झालेले डिसडॅट हे साधन याच कल्पनेवर उभे आहे: प्रत्येकाची त्रासाची भाषा वेगळी असते, म्हणून ती सांभाळणाऱ्यांकडून आधीच लिहून घ्यायची. पानाला तीन रकाने पुरतात. खूश असताना चेहरा, आवाज, हात, श्वास कसे असतात. त्रास होत असताना त्यांत काय बदलते. आणि कोणत्या खुणेमुळे फसगत होते. उदाहरणार्थ, हसण्यासारखा वाटणारा आवाज खरे तर पोटात दुखत असल्याचा असतो. आई, शाळेतल्या बाई आणि आजी यांच्याकडून ही माहिती वेगवेगळी घ्यावी आणि मग ताडून पाहावी. जिथे तिघींचे एकमत नाही, तिथे चित्रीकरण पाहून पुन्हा बसावे.

थांबायचे केव्हा, हे पट्टा बांधण्याआधी लिहून ठेवावे. कोणती खूण दिसली की हात काढून घ्यायचा, किती वेळ थांबून पुन्हा विचारायचे, एका दिवसात दोनदा नकार आला तर त्या दिवसाचे काम बंद करायचे, हे सर्व एथिक्स कमिटीसमोर ठेवावे. सांभाळणाऱ्या व्यक्तीला कोणतेही कारण न देता सत्र थांबवता आले पाहिजे. एका भेटीतला होकार पुढच्या भेटीला लागू होत नाही. प्रत्येक वेळी नव्याने पाहावे लागते. इंग्लंडच्या मेंटल कपॅसिटी अॅक्ट २००५ मध्ये यासाठी ‘सल्लागार’ व्यक्तीची तरतूद आहे. ती संशोधनाशी संबंध नसलेली असते, शक्यतो सहभागीला ओळखते आणि त्याला हे आवडले असते का, यावर मत देते. आपल्याकडे कायद्याने हे पद नाही, पण विशेष शाळेतील एखाद्या अनुभवी शिक्षिकेला ही जबाबदारी द्यायला कोणाचीही मनाई नाही.

मोजायचे कशाने

मोजण्याच्या साधनांत मराठी मुलखाचा वाटा जुना आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केले आणि १९३० च्या दशकात ती कसोटी उभी केली. बिने-कामत चाचणी आजही भारतभर वापरली जाते. मात्र ती तीन वर्षांच्या पातळीपासून सुरू होते. ज्याची समज त्याखाली आहे त्याला पहिलाच प्रश्न सुटत नाही. दहा सहभागींचे दहा निकाल एकाच तळाला चिकटतात, आणि सहा महिन्यांच्या उपचारानंतर खरी सुधारणा झाली तरी आकडा हलत नाही.

त्यापेक्षा वाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनश्रेणी बरी. तिचे भारतीय रूपांतर नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी केले. तिच्या ८९ बाबी सांभाळणाऱ्या माणसाला विचारून भरता येतात. मुलाला उत्तर द्यावे लागत नाही. तरी हीसुद्धा सामान्य मुलाच्या वाढीच्या पायऱ्यांवरच बेतलेली आहे. हाक मारल्यावर डोके वळवणे, चमचा पाहून तोंड उघडणे, ओळखीचा आवाज ऐकून श्वास मंदावणे असे बारीक बदल टिपायला वेगळी साधने लागतात.

वेदनेसाठी सुधारित एफएलएसीसी मापनश्रेणी उपयोगी आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होण्याची क्षमता या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण ० ते १०. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी सुधारलेल्या आवृत्तीत पालकाने सांगितलेल्या मुलाच्या खास खुणा त्यातच लिहिता येतात. सेन्सर बनवणाऱ्यांनी आपल्या यंत्राची तुलना अशा श्रेणीशी आणि आईच्या अंदाजाशी, दोन्हींशी करावी. यंत्राने सांगितलेली ‘वेदना’ बद्धकोष्ठाची, छातीत जळजळण्याची, फिटची की नुसत्या थंडीची, हे तपासल्याशिवाय तो आकडा अर्थहीन आहे.

संख्येचा प्रश्नही प्रामाणिकपणे सोडवायला हवा. अशा व्यक्ती एका तालुक्यात मोजक्याच सापडतात आणि त्या एकमेकांसारख्या नसतात. गट भरण्यासाठी सौम्य दिव्यांगत्व असलेल्यांना त्यांत मिसळले तर दोन्ही गटांबद्दल खोटे निष्कर्ष निघतात. त्याऐवजी एकेका व्यक्तीचा सलग अभ्यास करावा: आधी काही आठवडे नुसती नोंद, मग उपाय, मग उपाय थांबवून पुन्हा नोंद, मग पुन्हा उपाय. प्रत्येक व्यक्ती स्वतःशीच ताडून पाहिली जाते. पाच-सहा जणांचा असा नीट केलेला अभ्यास पन्नास जणांच्या घाईच्या सर्वेक्षणापेक्षा अधिक सांगतो.

वेळ, जागा, पैसा

प्रयोगशाळेत बोलावण्याचा मोह टाळावा. व्हीलचेअरवरच्या तरुणाला गावातून बसने आणायचे म्हणजे आईचा दिवसभराचा रोजगार बुडतो, डायपर बदलायला जागा मिळत नाही, आणि अनोळखी खोलीत जे मोजले जाते ते घाबरलेल्या माणसाचे असते. संशोधकाने घरी किंवा शाळेत जावे. वेळ औषधांप्रमाणे ठरवावी. फेनोबार्बिटोनसारख्या गोळीनंतरची पेंग आणि जेवणानंतरचा आळस यांच्या मधला जागेपणाचा तास आईलाच ठाऊक असतो. फिट आली तर काय करायचे हे प्रत्येक सहायकाला आले पाहिजे: कुशीवर वळवणे, तोंडात काही न घालणे, घड्याळ पाहणे, पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय गाठणे.

प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी. रक्कम इतकी मोठी नसावी की गरजेपोटी घरच्यांना नाही म्हणता येऊ नये. निवासी संस्थेत तर दुप्पट काळजी हवी. अधीक्षकाची परवानगी ही आत येण्याची परवानगी असते, रहिवाशाची संमती नसते. ज्यांना भेटायला कोणी येत नाही, त्यांनाच अभ्यासासाठी निवडण्याची सोय पाहू नये. जुलै २०२४ मध्ये इंदूरमधल्या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या एका आश्रमात संसर्गाने काही मुले दगावली. पोटात कळ येते हे सांगू न शकणाऱ्यांचा आजार उशिरा कळतो. त्यांच्या आरोग्याचा अभ्यास व्हायलाच हवा, आणि तो त्यांच्या गरजेपासून सुरू व्हायला हवा.

चित्रीकरणाशिवाय हा अभ्यास होत नाही, म्हणून त्याचे नियम कडक असावेत. आंघोळ, कपडे बदलणे, शौच यांचे चित्रण नको. चित्रफीत व्हॉट्सअॅपवर पाठवू नये, सहायकाच्या खाजगी मोबाइलवर ठेवू नये. परिषदेत दाखवायची तर वेगळी परवानगी घ्यावी. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ नुसार, ज्या दिव्यांग व्यक्तीला कायदेशीर पालक आहे तिच्या माहितीसाठी त्या पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते.

पालकांनी विचारायचे प्रश्न

संशोधक दारात आला की पालकांनी संकोच न करता पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे लेखी घ्यावीत.

१. हा अभ्यास माझ्या मुलासारख्यांशिवाय होऊ शकत नाही का? बोलू शकणाऱ्यांवर तो होत असेल तर इथे कशासाठी?
२. एथिक्स कमिटीची आणि दिव्यांगत्व संशोधन समितीची परवानगी कुठे आहे?
३. मुलाने नकार दिला हे तुम्ही कशावरून ओळखणार?
४. आम्ही मधेच थांबलो तर शाळा, उपचार, पेन्शन यांवर काही परिणाम होईल का?
५. इजा झाली तर खर्च कोण करणार आणि तक्रार कोणाकडे करायची?
६. अभ्यास संपल्यावर उपकरणाचे काय?

शेवटचा प्रश्न अनेकदा राहून जातो. डोळ्यांच्या हालचालीवर चालणाऱ्या पडद्याने एखाद्या मुलीला चार महिने हवे ते गाणे निवडता आले आणि निधी संपताच पडदा परत नेला, तर तिचे नुकसानच होते. उपकरण घरी राहणार की परत जाणार, राहिले तर दुरुस्ती कोण करणार, हे प्रस्तावातच लिहावे आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावा.

निष्कर्षही घरच्यांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचवावेत, शोधनिबंध छापून येण्याची वाट न पाहता. त्यांत सर्वांत उपयोगी कागद म्हणजे सुरुवातीला तयार केलेली ती एक पानी नोंद. तिची स्वच्छ प्रत हिंदी किंवा मराठीत टंकून, युडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे ओळखपत्र) आणि औषधांच्या यादीसोबत, घरच्या फाइलमध्ये लावावी. एक प्रत शाळेत द्यावी. रात्री-अपरात्री मुलाला दवाखान्यात न्यावे लागले आणि आई सोबत नसली, तर ड्यूटीवरच्या डॉक्टरला या पानावरून कळेल की हा मुलगा दुखत असताना रडत नाही, डावा हात तोंडात घालतो.